मेसेज ‘काढणे’, ‘आणणे’ की ‘पुनर्प्राप्त करणे’?

प्रश्न असा आला आहे: सोलापुरात टॉवेल-चादरींची निर्यात करणाऱ्या एका ऑफिसात ऑर्डरींची बोलणी स्लॅकवर, म्हणजे ऑफिसच्या चॅट-अ‍ॅपवर चालतात. तिथल्या एआय एजंटला (सांगितलेली कामं स्वतः टूल वापरून करणाऱ्या एआयला) चॅनेलमधले, म्हणजे विषयवार गटातले मेसेज आणून देणारं टूल जोडलंय आणि त्याचं वर्णन मराठीत लिहायचंय. ‘रिट्रीव्ह’साठी ‘पुनर्प्राप्त करणे’ लिहावं की ‘काढणे’? आणि ‘थ्रेड’ला, म्हणजे एखाद्या मेसेजखाली चालणाऱ्या उत्तरांना, ‘धागा’ म्हणावं का?

‘पुनर्प्राप्त’ आधी बाजूला ठेवा. हातची गेलेली वस्तू परत मिळाली की ती पुनर्प्राप्ती. उडालेला डेटा, बंद पडलेलं खातं, तिथे तो शब्द शोभतो. चॅनेलमधले मेसेज हरवलेले नसतात, जागेवरच असतात.

‘काढणे’ मात्र अस्सल आहे आणि म्हणूनच फसवा. आपण सातबारा काढतो, दाखला काढतो, जुन्या बिलाची नक्कल काढतो. मूळ नोंद दप्तरात तशीच राहते. टूल नेमकं हेच करतं. पण कर्म ‘मेसेज’ असलं की अर्थ फिरतो. ‘तो मेसेज काढ’ म्हटल्यावर समोरचा तो डिलीटच करेल. इथे हे जास्त जपायचं, कारण कोणतं टूल कधी वापरायचं हे एजंट वर्णन वाचूनच ठरवतो. त्याच्याकडे मेसेज पुसायचंही टूल असलं, तर ‘गेल्या आठवड्यातले मेसेज काढ’ ही सूचना भलतीकडे जाऊ शकते. ‘काढणे’ सोडवत नसेल तर ‘मेसेजचा उतारा काढणे’ लिहा, म्हणजे संशय उरत नाही.

माझं मत ‘वाचून आणणे’ला. नुसतं ‘आणणे’ बोलण्यात चालेल, पण ‘वाचून’ जोडलं की मूळ मेसेजला हात लागत नाही हे आपोआप कळतं. ‘मागवणे’ नको, मागवलेली वस्तू बाहेरून, सवडीने येते.

आता खरी गडबड क्रियापदापेक्षा भोवतालच्या शब्दांत होते. स्लॅक मेसेज देतं ते सगळ्यांत नवा आधी, या क्रमाने. म्हणजे यादीतला ‘पहिला मेसेज’ काळाने शेवटचा असतो. एका वेळी मर्यादित मेसेज येतात. पुढच्या खेपेसाठी कर्सर (यादी कुठपर्यंत आली त्याची स्लॅकने दिलेली खूण) द्यावा लागतो आणि ते ‘पुढचं पान’ आणखी जुने मेसेज दाखवतं. वर्णनात ‘पुढचे मेसेज’ लिहिलंत तर मराठी वाचणारा, माणूस असो की एजंट, नंतर आलेले मेसेज समजेल. तिथे सरळ ‘त्याआधीचे मेसेज’ लिहा. ‘मागचे’ही चालतं.

‘परवा’ हा आपला आणखी एक गोडवा. ‘परवाचे मेसेज आण’ इथे निभावतं, कारण उद्याचे मेसेज कोणी आणू शकत नाही. पण आणलेल्या मेसेजमध्ये ‘माल परवा’ एवढंच असेल तर गेला की जायचाय? सारांशात तारीख लिहायला सांगा, ‘परवा’ नव्हे. टूललाही तारीख-वेळच द्यावी लागते, आणि दिवस भारतीय वेळेने धरायचा: १० तारीख सुरू होते ते रात्रीचे बारा म्हणजे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ९ तारखेचे १८:३०. हे साडेपाच तास विसरले की १० तारखेच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचे मेसेज गळतात आणि त्याच्या जागी पुढच्या पहाटेचे घुसतात. रात्रपाळीत माग चालणाऱ्या गावात ही वेळ रिकामी नसते.

‘थ्रेड’ला ‘धागा’ म्हणावं का? पुण्यात म्हणा. सोलापुरात ‘ऑर्डरचा धागा बघ’ म्हटलं तर माणूस सुताचा काउंट बघायला जाईल. ‘थ्रेड’च ठेवा, किंवा ‘मेसेजखालची उत्तरं’ असं उलगडून लिहा. उलगडून लिहिण्याचा एक फायदाही आहे. चॅनेलचे मेसेज आणणाऱ्या टूलला थ्रेडमधली उत्तरं मिळत नाहीत (‘चॅनेललाही पाठवा’ अशी खूण केलेली सोडून). त्यासाठी मूळ मेसेजचा वेळ-क्रमांक (स्लॅक प्रत्येक मेसेजला देतं तो टाइमस्टॅम्प) देऊन दुसरं टूल चालवावं लागतं. एमसीपीच्या (एआयला टूल जोडायच्या एका प्रमाण पद्धतीच्या) सुरुवातीच्या स्लॅक नमुना सर्व्हरमध्येही ही दोन टूल वेगळी होती, आणि आकडा न दिल्यास पहिलं फक्त १० मेसेज आणत असे. चॅनेलमध्ये ‘मरून रंगच ठेवायचा ना?’ आणि त्याखाली थ्रेडमध्ये ‘नाही, नेव्ही ब्लू’ असं असलं, तर एजंटच्या हाती प्रश्नच लागतो आणि तो मरून धरून चालतो. तो वेळ-क्रमांकही अक्षरांसारखा जसाच्या तसा द्यायचा. संख्या समजून त्याच्या टोकाचं शून्य उडालं की उत्तरं सापडत नाहीत.

‘चॅनेल’ला ‘वाहिनी’ नको, ती टीव्हीची. शिवाय घाईत एक काना राहिला की ‘वहिनीतले मेसेज’ होतात. ‘एजंट’ला मात्र पहिल्यांदा ‘एआय एजंट’ असंच पूर्ण लिहा. सूतबाजारात एजंट म्हणजे वेगळाच गृहस्थ.

तेव्हा वर्णन साधारण असं: ‘दिलेल्या चॅनेलमधले मेसेज वाचून आणतं, नवे आधी. काहीही पाठवत किंवा पुसत नाही. थ्रेडमधली उत्तरं यात येत नाहीत; त्यासाठी थ्रेडची उत्तरं आणणारं टूल वापरा. तारखा भारतीय वेळेनुसार.’ ‘सगळे मेसेज’ असं कुठेही लिहू नका. स्लॅकच्या मोफत प्लॅनवर ९० दिवसांपलीकडचे दिसतच नाहीत.

राहिला टूलच्या उत्तराचा शब्द. ‘मेसेज मिळाले नाहीत’ हे वाक्य टाळा, त्यात तीन गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. खरंच कोणी लिहिलं नसेल तर ‘या काळात मेसेज नाहीत’. बॉट (एजंटचं स्लॅकमधलं खातं) सार्वजनिक चॅनेलचा सदस्य नसेल तर ‘या चॅनेलमध्ये बॉटला घेतलेलं नाही’. खाजगी चॅनेल असेल तर स्लॅक बाहेरच्या बॉटला ते आहे हेही सांगत नाही, ‘चॅनेल सापडलं नाही’ एवढंच म्हणतं. तिथे ‘नाव चुकलं असेल किंवा परवानगी नसेल’ असं दोन्ही लिहा. नाहीतर एजंट बिनधास्त सांगतो की ऑर्डरबद्दल कोणी काही बोललेलंच नाही.