ताई, ती दुखण्याची लाल गोळी रोज घेतली तर चालते का?

मागच्या महिन्यात या पानावर गुडघेदुखीबद्दल लिहिताना मी सहज म्हणून गेले की पेनकिलर जपून घ्या, तर त्यावर जेवढे मेसेज आले तेवढे आजवर कशावरच आले नव्हते. सगळ्यांचं म्हणणं एकच, जपून म्हणजे नक्की काय? बरोबर आहे, 'जपून' हा शब्द म्हणजे लग्नाच्या बोलणीतल्या 'बघू'सारखा, त्यातून कुणाला काहीच कळत नाही. म्हणून आजचा अख्खा रकाना त्यालाच दिलाय. मी फार्मासिस्ट आहे, पंचवटीत मेडिकलच्या काउंटरमागे बावीस वर्षं उभी राहिलेली, डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरकडे जा म्हणेन तिथे खरंच जा.

प्रश्न (निफाड तालुका): नमस्कार ताई. आमची चार एकर द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी सुरू झाली की दिवसभर मांडवाखाली हात वर करून काम, मान आणि कंबर पार कामातून जाते. मेडिकलमधून दुखण्याची लाल गोळी आणतो, रात्री एक आणि जास्तच झालं तर सकाळी पण एक, असे पाच आठवडे झाले. वय ४८, बीपीची गोळी चालू आहे. आता पाय सुजतायत आणि कंट्रोलमध्ये असलेलं बीपी १६० दाखवतंय. बायको म्हणते उन्हाने होतंय. दोन्ही पाकिटांचा फोटो जोडलाय.

उत्तर: फोटो जोडलात ते फार बरं केलंत, कारण 'लाल गोळी' म्हणजे काहीही असू शकतं. तुमच्या लाल गोळीत डायक्लोफिनॅक ५० आणि पॅरासिटामॉल ३२५ आहे, आणि खाली पेनकिलर म्हणेन ती यातली डायक्लोफिनॅक. आणि बीपीच्या गोळीवर नुसतं टेल्मिसार्टन नाही, त्याच्या पुढे बारीक अक्षरात हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ लिहिलंय, म्हणजे एकाच गोळीत दोन औषधं, एक बीपीचं आणि एक लघवी वाढवणारं. हे दोन आणि वर तुमची पेनकिलर, असं तिघांचं जे त्रिकूट जमतं ना ते किडनीला सगळ्यात वाईट.

तुमच्याकडे ठिबक असेलच, मग त्यावरूनच सांगते. किडनी म्हणजे फिल्टर समजा. फिल्टरच्या अलीकडचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचं काम शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं करतात, पेनकिलर नेमकी तीच बनू देत नाही, दुखणं कमी होतं ते त्यामुळेच, पण त्याच फटक्यात हा व्हॉल्व्ह पण आवळला जातो. टेल्मिसार्टन फिल्टरच्या पलीकडचा व्हॉल्व्ह सैल करतं. आणि लघवीच्या औषधाने, वर एप्रिल-मेच्या उन्हात गाळलेल्या घामाने मेन लाइनलाच पाणी कमी. आता सांगा, फिल्टरला प्रेशर कुठून येणार? त्यात या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, त्याने पाय सुजतात आणि बीपीच्या औषधाचा जोर पण कमी पडतो. म्हणजे उन्हाचं वहिनी म्हणतात त्यातलं अर्धं बरोबरच आहे.

आजपासून लाल गोळी बंद. बीपीची मात्र मनाने बंद करू नका, ते डॉक्टर ठरवतील. परवा-तेरवापर्यंत डॉक्टरांना दोन्ही पाकिटं दाखवा, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते दाखवणारी रक्ततपासणी), पोटॅशियम आणि लघवीची तपासणी सांगतील ती करून घ्या. लवकर थांबवलं तर किडनी बहुतेक वेळा सावरते, म्हणून घाबरून जाऊ नका, पण छाटणी संपली की जाऊ असंही करू नका. लघवी एकदम कमी झाली, धाप लागली किंवा तोंडावर सूज आली तर त्याच दिवशी दवाखाना. तोवर कंबरेला शेक घ्या, आणि अगदीच लागली तर साधी पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, दोन गोळ्यांमध्ये सहा तास, चोवीस तासांत सगळी मिळून ३ ग्रॅमच्या वर नाही, आणि रोज दारू असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर तेवढी पण विचारल्याशिवाय नाही. उलट्या-जुलाब झाले तर मात्र लगेच डॉक्टरांना फोन करून बीपीच्या गोळीचं काय करायचं ते विचारा, अंगातलं पाणी गेलेलं असताना ती पण त्रास देते.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात, त्यातल्या बायका कंबर धरून बसल्या की मालकाच्या घरातली गोळी जाते त्यांच्याकडे, चांगल्या मनानेच जाते. पण त्यातली कुणी पोटुशी असेल तर? पाचव्या महिन्यापासून म्हणजे २० आठवड्यांनंतर या डायक्लोफिनॅक-आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या डॉक्टरने सांगितल्याशिवाय अजिबात नाहीत, पोटातल्या बाळाची किडनी मंदावते आणि भोवतीचं पाणी कमी होतं, शेवटच्या तीन महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधीच बंद होऊ शकते. त्याआधीच्या महिन्यांत पण विचारूनच. तेव्हा डबा काढण्याआधी एवढं विचाराच.

प्रश्न (सिडको): ताई, पाळीत मेफ्टाल स्पास घेते मी. पहिल्या दिवशी डोकं पण ठणकतं तेव्हा वर कॉम्बिफ्लॅम घेतली तर चालेल का? दोन वेगळ्या दुखण्याच्या दोन वेगळ्या गोळ्या ना?

उत्तर: नाही गं, नावंच वेगळी. मेफ्टाल स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिड २५० आणि पेटके सोडवणारं डायसायक्लोमिन १०. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. मेफेनॅमिक आणि आयबुप्रोफेन ही चुलत भावंडं, एकाच घरातली, दोघं एकत्र घेतली तर दुखणं काही दुप्पट थांबत नाही, पोटाची जळजळ मात्र वाढते. एका वेळी घरातलं एकच माणूस बोलवायचं. मेफ्टाल घेतल्यावर डोकं दुखत असेल तर साधी पॅरासिटामॉल घे, ती वेगळ्या घरातली, ती चालते.

पण पाळीत ही गोळी घेणं वाईट अशातला भाग नाही, उलट पाळीच्या दुखण्याला हीच जात जास्त लागू पडते कारण गर्भाशयात पेटके आणतात ती पण वर सांगितलेली प्रोस्टाग्लँडिनच. जुन्या बायका म्हणतात सहन कर, मी नाही म्हणणार. दुखणं सुरू होतंय असं वाटलं की लगेच, काहीतरी खाऊन घे, लोळायची वेळ येईपर्यंत वाट बघू नकोस, आणि दोन-तीन दिवसांत थांबव. पाळी लांबली असेल आणि दिवस गेल्याची शंका असेल तर आधी ते तपास. डायसायक्लोमिनने तोंड कोरडं पडतं, कधी गुंगी येते, तेव्हा स्कूटीवर जपून (आला बघा परत तो शब्द). अजून एक, २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सूचना काढली होती, क्वचित कुणाला काही आठवड्यांनी अंगभर पुरळ, ताप, गाठी सुजणं अशी जोरदार रिॲक्शन येते. क्वचितच, पण तसं दिसलं तर गोळी बंद आणि थेट डॉक्टर, आधी कॅलामाइन लावून बघू असं करू नकोस.

आणि डोकं पाळीशिवाय पण दुखतं का गं? महिन्यात पंधरा दिवस पेनकिलर, किंवा कॅफीन वगैरे घातलेली मिक्स गोळी दहा दिवस, असं तीन-चार महिने चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते.

प्रश्न (पंचवटी): सासरे ७१ वर्षांचे, चार वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, इकोस्प्रिन ७५ चालू आहे. रोज रामकुंडावर जाऊन येतात, घाटाच्या पायऱ्यांनी गुडघे दुखतात. शेजारचे काका आयबुप्रोफेन घेतात, यांना पण तीच हवीये. गोळी नाही दिली की चिडतात.

उत्तर: चिडू देत. इकोस्प्रिन म्हणजे कमी डोसची ॲस्पिरिन, रक्ताच्या ज्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळी करतात त्यांना ती एका ठरावीक जागी जाऊन थोपवते. आयबुप्रोफेन आधी पोटात गेली तर तीच जागा अडवून बसते, आणि मग ॲस्पिरिन दारातूनच परत. अमेरिकेत सांगतात की साधी ॲस्पिरिन घेतल्यावर निदान अर्ध्या तासाने किंवा ॲस्पिरिनच्या आठ तास आधी आयबुप्रोफेन घ्या, पण आपल्याकडे इकोस्प्रिन कोटिंगवाली असते, ती हळू विरघळते, त्यामुळे हे अर्ध्या तासाचं गणित त्यांना लावू नका. वर दोन्हींनी मिळून पोटात रक्तस्राव व्हायची भीती वेगळीच. आणि या जातीच्या गोळ्यांनी हार्ट अटॅकचा धोका थोडा वाढतो, स्टेंटवाल्याला तो थोडा पण परवडत नाही. रोफेकॉक्सिब नावाची एक अशीच गोळी, पोटाला सोपी म्हणून जगभर खपलेली, २००४ मध्ये याच कारणाने कंपनीने स्वतःच बाजारातून काढली.

त्यांच्या गुडघ्याला डायक्लोफिनॅकचं जेल बघा. चोळून लावलेल्या जेलमधलं रक्तात फार थोडं जातं, गोळीच्या मानाने साधारण ६ टक्के. फक्त ते लावून वर गरम पिशवी किंवा घट्ट पट्टा नको, जखमेवर नको, हात धुवायचे, आणि दोन-तीन आठवडे दिवसातून तीन-चार वेळा लावा, एकदा लावून काही होत नाही म्हणून ट्यूब कपाटात टाकतात लोक. जेल सुरू करण्याआधी हार्टच्या डॉक्टरांना एक फोन कराच. आणि कठड्याच्या बाजूने, आधार धरून उतरायला सांगा, ऐकले तर.

प्रश्न (गंगापूर रोड): पेनकिलरबरोबर पॅन ४० घेतली की रिकाम्या पोटी पण चालते ना?

उत्तर: पॅन ४० पोटाला वाचवते, ते पण जठर आणि त्याच्या लगेच पुढचा भाग. पुढच्या आतड्याला नाही, किडनीला नाही, हार्टला नाही. पित्ताची गोळी घेतली म्हणजे पेनकिलरचं लायसन्स मिळालं असं समजणारे मी रोज बघते. माझ्या स्वतःच्या मावशीने गुडघ्यासाठी महिनोन् महिने गोळ्या खाल्ल्या, संडास डांबरासारखी काळी व्हायला लागली तर म्हणाली लोहाच्या गोळीने होतंय. लोहाच्या गोळीने होतेच काळी, म्हणून आम्ही पण गप्प. चक्कर येऊन मोरीत पडली तेव्हा हिमोग्लोबिन सहा निघालं. अशी काळी चिकट संडास म्हणजे वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल. रिकाम्या पोटी नकोच, निदान पोळीचा तुकडा तरी.

प्रश्न (नाशिक रोड): पावसाळ्यात सोसायटीत डेंग्यूचे पेशंट निघाले. मुलाला ताप आहे, वय ९, घरात आयबुप्रोफेनचं सिरप आहे ते देऊ का?

उत्तर: नको. डेंग्यूत प्लेटलेट आधीच पडतात, त्यात या जातीचं औषध म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, ती पण वजनाच्या हिशोबाने, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने. ॲस्पिरिन मुलांना तापात अजिबात नाही, आणि मोठ्यांची निमेसुलाइड अर्धी करून पण नाही, १२ वर्षांखालच्यांसाठी ती २०११ पासून बंद आहे. ताप उतरल्यावर पण दोन दिवस लक्ष ठेवा, डेंग्यूचा खरा दगा तेव्हाच असतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, मूल मलूल पडणं, यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी निघायचं.

प्रश्न (सातपूर): अंजनेरीला ट्रेकला गेलो तेव्हा मित्र म्हणाला की गिधाडं डायक्लोफिनॅकने मेली. तेच आपण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणतो. असं कसं?

उत्तर: मित्र बरोबर बोलला. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं द्यायचे, ते जनावर लगेच मेलं तर मांसात औषध राहायचं आणि ते खाऊन गिधाडांच्या किडन्या बंद पडायच्या, युरिक ॲसिडचे पांढरे थर आतल्या अवयवांवर बसायचे. देशभरातली गिधाडं यात इतकी गेली की २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद झालं, आणि माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात होत्या म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शन पण ३ मिलीच्या एका डोसपुरतंच ठेवलं. माणसाचं शरीर हे औषध काही तासांत बाहेर टाकतं, गिधाडाला ते जमत नाही, म्हणून त्याला जे मारतं ते तुम्हाला लगेच मारत नाही, पण मार बसतो तो त्याच अवयवाला हे निफाडच्या पत्रात बघितलंच.

चिठ्ठीचं म्हणाल तर स्ट्रिपच्या मागे उभी लाल रेघ बघा, त्याच्याजवळ लिहिलेलं असतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं. डायक्लोफिनॅकवर ती आहे. तरी मिळते, कारण काउंटरवर गर्दी असते आणि गिऱ्हाईक म्हणतं नेहमीचीच द्या, आणि हो, मी पण दिल्यात, खोटं कशाला बोलू. हल्ली मी एकच करते, गोळी देण्याआधी विचारते, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, दमा आहे का, कारण काही दमेकऱ्यांना या गोळीने तासाभरात श्वास लागतो. निम्मे लोक वैतागतात.

आणि तुमच्या गावाकडे गोठा असेल, गाय लंगडत असेल, तर जनावरांच्या डॉक्टरांना मेलोक्सिकॅमचं विचारा, ते गिधाडांना चालतं.