सूरशंका : फेल्ट हा बँड कुठून ऐकायला घ्यावा?

प्रश्न : ऐंशीच्या दशकातले ब्रिटिश गिटारसंगीत मी बऱ्यापैकी ऐकले आहे, असा माझा समज होता. गेल्या महिन्यात ‘प्रिमिटिव्ह पेंटर्स’ हे १९८५ सालचे गाणे योगायोगाने कानावर पडले आणि तो समज संपला. बँडचे नाव फेल्ट असल्याचे कळले. या नावावर दहा अल्बम दिसतात आणि त्यांतले काही एकमेकांच्या जवळपासही जात नाहीत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आपण ज्या दारातून आत आलात ते दार सुंदर असले तरी घराचा अंदाज देणारे नाही, हे आधी सांगायला हवे. ‘प्रिमिटिव्ह पेंटर्स’मध्ये वर वर चढत जाणारा जो स्त्रीस्वर ऐकू येतो तो कॉक्टो ट्विन्सच्या एलिझाबेथ फ्रेझरचा आहे. ती फेल्टची सदस्य नव्हती. या गाण्यापुरती पाहुणी होती. गाण्याभोवतीचा दाट, धुक्यासारखा घुमाराही तिच्याच बँडमधल्या रॉबिन गथ्रीने निर्माता म्हणून आणलेला आहे. त्यामुळे ‘असेच आणखी काही’ शोधत आपण उरलेल्या अल्बमांकडे वळलात, तर चौथ्या-पाचव्या गाण्यापाशी बहुधा निराश होऊन परत फिराल.

बर्मिंगहॅमच्या परिसरातला हा बँड मुळात लॉरेन्स या एकाच माणसाच्या हट्टातून उभा राहिला. (तो आडनाव लावत नाही, अल्बमांवरही नुसते ‘लॉरेन्स’.) १९७९मध्ये त्याने ‘इंडेक्स’ ही पहिली सिंगल घरच्या घरी, साध्या कॅसेट रेकॉर्डरवर, एकट्याने ध्वनिमुद्रित करून स्वतःच प्रसिद्ध केली, ती खरखरीत आहे आणि पुढच्या फेल्टशी तिचे नाते जवळजवळ नाही. खरा बँड सुरू झाला तो मॉरिस डीबँक हा गिटारवादक सोबत आल्यावर. डीबँकचे शिक्षण शास्त्रीय गिटारचे होते. रॉकमधला गिटारवादक सहसा एकाच झटक्यात सगळ्या तारा छेडतो. डीबँक मात्र एकेक तार सुटी उचलतो, मागचा स्वर विरायच्या आत पुढचा त्यावर ठेवतो आणि आवाज शक्यतो स्वच्छ, न फाटलेला राखतो.

या गिटारसाठी बाकीच्या वाद्यांनी जागा कशी सोडली आहे, हे १९८२च्या ‘क्रम्बलिंग द अँटिसेप्टिक ब्यूटी’ या पहिल्या अल्बममध्ये लक्ष देऊन ऐकावे. लॉरेन्सला झांजांचा आवाज सहन होत नसे, म्हणून ड्रमवादक गॅरी एंजला त्याने झांजा वाजवूच दिल्या नाहीत. वरवर पाहता हा विक्षिप्तपणा वाटतो, पण त्याचा परिणाम थेट कानाला जाणवतो. एरवी झांजांची सततची सळसळ ध्वनीचा सगळा वरचा पट्टा व्यापून टाकते. इथे तो पट्टा मोकळा राहिला आणि डीबँकच्या बारीक, चकाकत्या स्वरांना तिथे कोणाशीही स्पर्धा करावी लागली नाही. खाली नुसत्या ढोलांचे घुमणे, वर गिटार आणि मधे लॉरेन्सचा अर्धा गाणारा, अर्धा बोलणारा आवाज, अशी ती रचना आहे. १९८४च्या ‘द स्प्लेंडर ऑफ फिअर’मध्ये तर हा आवाजही बहुतेक वेळा बाजूला होतो, कारण सहापैकी चार रचना शब्दांविना आहेत. त्यातली ‘द स्टॅग्नंट पूल’ ही शब्द असलेली, आठ मिनिटांहून लांब रचना रात्री, दिवे मालवून, एकदा तरी ऐकावी. तीत लॉरेन्स थोडे गातो आणि उरलेला वेळ गिटारच्या हवाली करतो. माझ्या मते फेल्टच्या पहिल्या पर्वातले हे सर्वोत्तम काम आहे.

१९८५मध्ये डीबँक बाहेर पडला आणि त्याच नावाखाली जवळजवळ दुसराच बँड सुरू झाला. त्याचा कणा गिटार नसून मार्टिन डफी या किशोरवयीन वादकाचा ऑर्गन होता. या पर्वासाठी १९८६चा ‘फॉरेव्हर ब्रीद्स द लोनली वर्ड’ घ्यावा : आठ गाणी, अर्ध्या तासाच्या आसपासचा अवकाश, ऑर्गनची उबदार लाट आणि तिच्यावर लॉरेन्सचे बोचरे, काहीसे आत्मदयेचे, पण विनोदाचे भान न सुटलेले शब्द. आपल्याला गाणी आवडत असतील तर इथून सुरुवात करावी, गिटार आवडत असेल तर ‘द स्प्लेंडर ऑफ फिअर’पासून. संकलनापासून मात्र करू नये, कारण ही दोन पर्वे एकाआड एक ऐकली की दोन्हींचा रंग उतरतो.

प्रश्न : ‘प्रिमिटिव्ह पेंटर्स’ने ब्रिटनच्या इंडी यादीत पहिले स्थान मिळवले होते, असे वाचले. मग हा बँड ‘दुर्लक्षित’ कसा म्हणायचा?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि तिचे मूळ ‘इंडी’ या शब्दाच्या बदललेल्या अर्थात आहे. आज तो शब्द एका शैलीचे नाव झाला आहे. १९८०मध्ये ब्रिटनमध्ये इंडी यादी सुरू झाली तेव्हा मात्र निकष व्यवहाराचा होता : रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेबाहेरून दुकानांत पोहोचली पाहिजे, एवढेच. संगीत कोणते आहे याच्याशी यादीला देणेघेणे नव्हते. म्हणूनच दशकाच्या शेवटी कायली मिनोगची झगमगती नृत्यगीतेही त्याच यादीच्या माथ्यावर दिसतात, आणि गिटारवाल्या मंडळींचा त्यावर झालेला जळफळाट आज मोठा गमतीचा वाटतो. या यादीत अव्वल येणे आणि देशभर खपणे या दोन निराळ्या गोष्टी होत्या. द स्मिथ्ससारख्या बँडने इंडी राहूनही मुख्य यादी गाठली. फेल्टचे एकही गाणे त्या यादीच्या पहिल्या ७५मध्ये पोहोचले नाही.

दोष सगळा श्रोत्यांचा म्हणता येणार नाही. यशाचा उंबरठा जवळ आला की लॉरेन्स दिशा बदलायचा. ‘प्रिमिटिव्ह पेंटर्स’ नंतर कोणीही त्याच घडणीचा अल्बम काढला असता. फेल्टने चेरी रेड ही कंपनी सोडून क्रिएशनकडे मुक्काम हलवला आणि तिथला पहिला अल्बम काढला तो शब्दांविना, दहा तुकड्यांचा आणि वीस मिनिटांहून कमी लांबीचा. १९८८च्या ‘ट्रेन अबव्ह द सिटी’त लॉरेन्स स्वतः वाजवतही नाही आणि गातही नाही, डफी आणि एंज यांनी जॅझच्या वळणाने केलेल्या रचनांना त्याने फक्त नावे दिली. एवढा आत्मविश्वास मला मोहवतो, पण दुकानदाराला तो मोहवत नाही.

‘दहा वर्षांत दहा अल्बम आणि दहा सिंगल्स, मग पूर्णविराम’ ही फेल्टची आख्यायिका आपण वाचली असेलच. आकडे खरे आहेत, मात्र अल्बम १९८२ ते १९८९ एवढ्या काळात आलेले असल्याने प्रत्यक्षात ते आठच वर्षांत आटोपले. हे सगळे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते, असे लॉरेन्स सांगत आला आहे. मला त्यात मागाहून घातलेली वेलबुट्टी दिसते, पण शेवटचा अल्बम निघाल्यावर तो खरोखर थांबला आणि १९९२मध्ये डेनिम या अगदी वेगळ्या बँडसह परतला, हे नाकारता येत नाही.

प्रश्न : जुन्या रेकॉर्ड मिळवाव्यात की नव्या आवृत्त्या चालतील?

उत्तर : नव्या आवृत्त्या खुशाल घ्याव्यात. २०१८मध्ये चेरी रेडने दहाही अल्बम नव्याने काढले. फक्त त्या वेळी लॉरेन्सने जुन्या कामात हात घातला, हे लक्षात असू द्यावे. वर उल्लेखलेल्या वीस मिनिटांच्या अल्बमचे मूळ नाव ‘लेट द स्नेक्स क्रिंकल देअर हेड्स टू डेथ’ असे होते. नव्या आवृत्तीत ते ‘द सेव्हन्टीन्थ सेंच्युरी’ झाले, तेव्हा शोधताना हा अकरावा अल्बम आहे असे समजू नये. ‘इग्नाइट द सेव्हन कॅनन्स’, म्हणजे आपले गाणे ज्यात आहे तो अल्बम, यातल्या बहुतेक गाण्यांचे ध्वनिमिश्रण नव्याने करून गथ्रीचा घुमारा उतरवला आहे आणि ‘प्रिमिटिव्ह पेंटर्स’ तेवढे पूर्वीसारखे ठेवले आहे. डीबँकची बोटे आता स्पष्ट ऐकू येतात, म्हणून मला नवे रूप अधिक पटते. त्या धुक्यावरच आपला जीव जडला असेल तर मात्र जुनी आवृत्तीच शोधावी. डीबँकचा १९८४चा ‘इनर थॉट झोन’ हा स्वतंत्र वाद्यसंगीताचा अल्बमही सोबत ऐकावा.

शेवटचा अल्बम ‘मी अँड अ मंकी ऑन द मून’ हाती आल्यावर त्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. निर्माता म्हणून तिथे एड्रियन बोर्लंड हे नाव आढळेल. हा लंडनच्या द साउंड या बँडचा गायक आणि गिटारवादक. त्यांचा १९८१चा ‘फ्रॉम द लायन्स माउथ’ आपण ऐकला नसेल, तर पुढच्या महिन्याची सोय झाली.