सेकंडहँड २०१७चा मॅकबुक प्रो स्वस्तात मिळतोय, कीबोर्डचं ऐकून धास्ती वाटते. घ्यावा का?

नका घेऊ. लॅपटॉप पातळ करण्याच्या नादात ॲपलने २०१५पासून 'बटरफ्लाय' कीबोर्ड आणला, तोच यात आहे. बटण अगदी नावापुरतं दबतं आणि खाली धुळीचा कण अडकला की अक्षर उमटतच नाही, नाहीतर एकदा दाबून दोनदा उमटतं.

२०१८मध्ये कंपनीने मोफत दुरुस्तीची योजना काढली खरी, पण ती पहिल्या विक्रीपासून चार वर्षांपुरतीच. तुमची मुदत केव्हाच टळली. बरं, एकटा कीबोर्ड बदलावा तर तो वरच्या आवरणाला रिव्हेटने ठोकलेला, आणि बॅटरीही त्याच आवरणाला चिकटवलेली. म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

मॅकच हवा असेल तर २०२०चा एअर किंवा प्रो शोधा (ॲपलची स्वतःची एम१ चिप असलेला मिळाला तर फारच छान). त्यात जुनी, भरवशाची कात्री पद्धतीची बटणं परत आली. १६ इंची प्रोमध्ये ती २०१९च्या शेवटीच आली होती.

कुठलाही घ्या, पण विकणाऱ्यासमोरच नोट्स उघडून प्रत्येक बटण दाबून बघा. स्पेसबार नुसता मधोमध नको, दोन्ही टोकांनाही दाबा.