हवामान बदलाच्या नावावर होणारा खर्च खरंच गरजेचा, की नवं चराऊ कुरण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समुद्र चढणार, ऊन वाढणार असं सांगत पालिका आणि सरकार कोट्यवधींची कामं काढतात, त्यातलं खरंच लागणारं किती, टक्केवारीसाठी किती, आणि मालमत्ता कर भरणाऱ्याने हे का सोसावं?

संशय घ्याच. जिथे दर मे महिन्यात 'नालेसफाई की हातसफाई' असा मथळा छापून येतो, तिथल्या माणसाला डोळे झाकून विश्वास ठेवा असं कोणत्या तोंडाने सांगायचं? पण संशय नेमका कशावर घ्यायचा, तिथे माझं तुमच्याशी जमत नाही. मी सिव्हिलवाला, नोकरी पावसाळी गटारांच्या कामांत गेली, राहतो नवी मुंबईत, बेलापूरला. त्यामुळे उत्तर पाण्याकडे जास्त झुकणार, हे आधीच सांगतो.

शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि खाडीकाठची खाजणं, मिठागरं, भातशेती भरून नवी मुंबई उभी राहिली. बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून डच धर्तीवर धारण तलाव ठेवले, ज्यांना आपण सगळे होल्डिंग पाँडच म्हणतो. गटारांचं पाणी आधी तलावात येतं. तलावाच्या तोंडाशी फ्लॅप गेट, म्हणजे एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात. बाहेर खाडीचं पाणी चढलं की त्याच दाबाने झडप बंद होते, ओहोटी लागली की आतलं पाणी झडप ढकलून निघून जातं. वीज नको, माणूस नको. म्हणजे पाण्याशी जुळवून घेण्याचा खर्च या शहराने पहिल्या दिवसापासून केलाय, तेव्हा हवामान बदल हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता.

आता गणित बघा. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १० लाख लिटर पाणी झालं. एक हेक्टरच्या तलावात मीटरभर गाळ साचला, तर एक कोटी लिटरची जागा गेली, म्हणजे दहा हेक्टर वस्तीवर पडलेल्या तेवढ्या पावसाची. ते पाणी मग सेक्टरच्या रस्त्यावर थांबतं. यात समुद्राचा काही दोष नाही, गाळाचा आहे. जगभरात समुद्राची पातळी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटरने वाढली, असं आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामानविषयक समिती सांगते. आकडा किरकोळ दिसतो, पण खाडीची पातळी जितकी वर, तितका झडप उघडी राहण्याचा वेळ कमी, आणि आपला तलाव आधीच गाळाने अर्धा भरलेला. दोन्ही गोष्टी एकाच बाजूने दाबतात.

गाळ का काढत नाहीत? तलावांत कांदळवन, म्हणजे तिवरांचं जंगल वाढलंय. उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाप्रमाणे राज्यातल्या सगळ्या कांदळवनांना संरक्षण आहे. सार्वजनिक कामासाठी तोडायची तरी न्यायालयाची परवानगी लागते. निकाल योग्यच आहे असं मला वाटतं. तिवरं गेली तर खाडीकाठ उघडा पडेल. पण परवानगीची फाइल हलवणं हे कुणाच्याच आवडीचं काम नाही. त्याचं उद्घाटन होत नाही, फलक लागत नाही. पंप हाऊसचं होतं.

म्हणून संशय घ्यायचा तर दोन ठिकाणी घ्या. एक, 'हवामान' हा शब्द चिकटवून आलेल्या सुशोभीकरणावर. तलावाकाठी पेव्हर ब्लॉक आणि दिवे लावले तर त्याने पाण्याची एक बादलीही जास्त मावत नाही. दोन, 'अतिवृष्टी झाली, निसर्गापुढे इलाज नाही' या वाक्यावर. माझ्या मते हे दुसरं जास्त महाग पडतं. हवामान बदल खरा आहे, आणि म्हणूनच तो कामचुकारपणाला उत्तम आडोसाही आहे.

खर्च टाळला तर काय होतं, याचं उदाहरण खाडीपलीकडे आहे. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाची. ती दुप्पट क्षमतेची करायचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३मध्ये आला, अंदाज ६१६ कोटींचा. काम रेंगाळलं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, राज्यात हजारावर माणसं गेली, आणि २००७मध्ये तोच प्रकल्प १,२०० कोटींचा म्हणून मंजूर झाला. 'उशिराने खर्च दुप्पट झाला' असं पर्यावरणवाले सांगतात, ते मला पटत नाही. चौदा वर्षांत नुसत्या महागाईने साधारण तेवढं होतंच. उशिराची खरी किंमत त्या एका दिवसात भरली गेली, आणि ती प्रकल्पाच्या कागदांत कुठेच दिसत नाही. शिवाय एवढं करूनही ९४४ मिलिमीटर कुठलंच गटार वाहून नेणार नाही. तसं आश्वासन कोणी दिलं तर तो खोटं बोलतोय.

'मी का भरू' हा वाद आमच्या सोसायटीतही झाला. मीटर रूम आणि पंपाचं पॅनल तळमजल्यावरून तीन फूट वर घ्यायचं होतं. चौथ्या-पाचव्या मजल्यावरचे म्हणाले, पाणी तळमजल्यावाल्यांकडे शिरतं, आमचे पैसे कशाला? सिंकिंग फंडाला, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या पैशाला हात लावायचा नाही, हा वेगळा सूर. मग कुणीतरी विचारलं, मीटर रूम बुडाल्यावर लिफ्ट कुणाची बंद पडते? ठराव मंजूर झाला, तोही कुरकुरतच. शहराचंही तसंच आहे. ठाण्यात वंदना टॉकीजपाशी पाणी साचलं की ज्याचं दुकान तिथे नाही, तोसुद्धा त्या रस्त्यावर अडकतो. हा खर्च आपण आजही करतोय: गाडीचं इंजिन, भिजलेला माल, बुडालेली रोजंदारी. तो कुठल्याच बजेटमध्ये नाही, एवढंच.

उष्णतेचं तर याहून सोपं, कारण तिथे पैसे कमी लागतात. अहमदाबादेत मे २०१०च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. २०१३पासून त्यांनी आराखडा केला: आधी इशारा, दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, पिण्याच्या पाण्याची सोय, पुढे गरिबांच्या छतांना पांढरा रंग. नंतरच्या अभ्यासाचा अंदाज, वर्षाला हजाराच्या वर मृत्यू टळले. यात सिमेंट जवळपास नाहीच. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात सरकारी पुरस्कार सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ माणसं गेली. मांडव घालायला किंवा सोहळा संध्याकाळी ठेवायला किती कोटी लागले असते?

बाहेरून पैसे येतील या आशेवर मात्र राहू नका. श्रीमंत देशांनी २००९मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत गरीब देशांसाठी कबूल केलेले वर्षाचे १०० अब्ज डॉलर २०२०पर्यंत द्यायचे होते, ते गाठले गेले २०२२मध्ये, त्यातही बराच भाग कर्जाचा. आपल्याकडे पंधराव्या वित्त आयोगाने आपत्तीनिधीतला २० टक्के वाटा निवारणासाठी, म्हणजे आपत्तीआधीच्या कामांसाठी वेगळा काढला, ते बरं केलं. बाकीच्या ८० टक्क्यांतला बहुतेक पैसा पाणी डोक्यावरून गेल्यानंतरचा.

तेव्हा पुढचं कोट्यवधींचं काम जाहीर झालं की 'एवढे पैसे कशाला' असं विचारू नका. त्याला दहा गुळगुळीत उत्तरं तयार असतात. ताशी किती मिलिमीटर पाऊस आणि किती मीटरची भरती धरून डिझाइन केलंय, ते विचारा. पाच वर्षांनी देखभाल कोण करणार आणि त्याची तरतूद बजेटच्या कुठल्या शीर्षाखाली आहे, तेही. गाळाच्या कामात ट्रकच्या फेऱ्या आणि वजनकाट्याच्या पावत्या दाखवतील. त्या बाजूला ठेवून तलावाच्या तळाची लेव्हल मागा, काम सुरू होण्याआधीची आणि नंतरची. ट्रकमध्ये गाळाऐवजी पाणीच भरून नेलं असेल तर तळ खाली गेलेला नसतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, आणि पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात टाकलात तर पुढच्या निविदेआधी उत्तर हातात पडू शकतं. अर्जाचा मसुदा हवा असेल तर खाली लिहा, मी टाकतो.