पियानो-तंतुवाद्यांची पहिली मैफल ऐकताना
पियानो आणि तंतुवाद्यांची मैफल प्रथमच ऐकणार असाल, तर ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टच्या १८१९ सालच्या ‘ट्राउट’ पंचकापासून (पाच वाद्यांसाठीच्या रचनेपासून) आरंभ करावा, असे मी सुचवेन. येथे पियानोसोबत व्हायोलिन आणि त्याच कुळातली, क्रमाने मोठी व अधिक खालच्या स्वरांची व्हायोला, चेलो आणि डबल बास असतात. खर्जाचा भार डबल बासने उचलल्यामुळे चेलोला मोकळेपणाने गाता येते आणि पियानो बराच वेळ वरच्या सप्तकांत झुळझुळत राहतो. चौथ्या भागात शूबर्टच्याच एका गीताची चाल आधी केवळ तंतुवाद्यांवर येते. ती मनात नीट ठेवलीत, तर पुढची रूपांतरे सहज उलगडतात. हातवाऱ्यांनी वादकांना दिशा देणारा कंडक्टर नसल्यामुळे वादकांची नजरानजरही पाहण्याजोगी असते. टाळ्या मात्र पाचही भाग संपल्यावरच वाजवाव्यात; शेवटच्या भागात मध्येच समाप्तीचा भास होतो आणि तेथे (नवखेच नव्हे) जाणकारही फसतात.