आम्हा नवरा-बायकोला एखाद्या तलावावर शांतपणे पक्षी बघायचे आहेत. दोघंही नवखे, दुर्बीण एकच. कुठे जावं आणि कसं बघावं?

तुम्ही नाशिक-पुणे पट्ट्यातले असाल असं धरून सांगतो: नांदूर मध्यमेश्वरला जा. नाशिकहून साधारण 40 किलोमीटर, निफाड तालुक्यात. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, त्यातून उथळ पाणी, बेटं आणि पाणगवत तयार झालं. बदकांना लागतं ते हेच. रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं ठिकाण. निरीक्षण मनोरे चापडगावच्या बाजूला आहेत. उजनी जलाशयाकाठचं भिगवणही उत्तम, पण तिथली खरी मजा होडीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दी उसळते. शांतपणे पायी फिरायचं तर नांदूर.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा, शक्यतो आठवड्यातला मधला दिवस. जानेवारीत तिकडे सूर्य सातनंतरच उगवतो आणि पाण्यावर धुकं असतं, त्यामुळे पहाटे पाचला पोहोचून नुसतं कुडकुडाल. सात ते दहा पुरेसं आहे. दहानंतर ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचं बदक महागड्या दुर्बिणीतूनही नुसतं लहरताना दिसतं. त्या वेळी दुर्बिणीला दोष देऊ नका.

आता दुर्बीण, कारण नवख्या जोडप्याची सकाळ बहुतेक इथेच फसते. एकाला लख्ख दिसतं, दुसऱ्याच्या हातात गेली की धूसर. दोघांच्या डोळ्यांचा नंबर वेगळा असतो आणि दोन डोळ्यांमधलं अंतरही. घरीच, खिडकीतून, लांबच्या एखाद्या पाटीवर हे करून ठेवा. आधी दोन्ही नळ्या बिजागरीवर मिटत-उघडत एकच गोल दिसेपर्यंत आणा. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा. नंतर डावा मिटा आणि चाकाला हात न लावता उजव्या आयपीसवरचं (डोळ्याला लावायच्या भिंगावरचं) कडं फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. त्या कड्याला डायॉप्टर म्हणतात. काही दुर्बिणींत ते दुसरीकडे असतं, पण तत्त्व तेच. दोघांचं कडं जिथे थांबेल तिथे नेलपॉलिशचे दोन वेगळ्या रंगांचे ठिपके द्या. दुर्बीण हातात आली की आपल्या ठिपक्यावर कडं आणायचं, बिजागरी जुळवायची, बस. चष्मा असेल तर तो घालूनच बघा आणि आयपीसचे रबरी कप खाली करा.

पुढेमागे दुसरी घ्यायची झाली तर 8×42 घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं. 10×50 जड, हात थरथरतो. झूमवाली तर अजिबात नको: दिसणारा भाग चिंचोळा, वर प्रतिमा अंधारी.

पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी धरा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणा. कोपरं बरगड्यांना टेकवा. जोडीदाराला जागा सांगताना ‘तिकडे बघ, तिकडे’ याने भांडणच होतं. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण 10 अंश भरते आणि 8×42 मध्ये एका वेळी 7-8 अंश दिसतात. म्हणून ‘त्या वाळक्या बाभळीपासून दोन मुठी डावीकडे, पाण्याच्या कडेला’ असं सांगा. लगेच सापडतो.

सूर्य पाठीशी हवा. सकाळी पश्चिमेकडे तोंड करून बघता येईल अशी जागा शोधा. उन्हाकडे बघितलंत तर सगळी बदकं काळीच, ओळख शून्य.

चाला कमी, उभे राहा जास्त. हळू आवाजातल्या गप्पांनी पक्षी फारसे बिथरत नाहीत, पण बोट दाखवायला झटकन वर गेलेला हात आणि बांधावर आभाळाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसणारी माणसाची आकृती त्यांना चालत नाही. पांढरे, भडक कपडे टाळा. थवाच्या थवा अचानक उठला तर आधी वर बघा, बहुधा दलदल हारीण हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो.

पहिल्या फेरीत सगळं ओळखायचा हट्ट नको. काळं अंग, पांढरी चोच तो वारकरी; उडताना पाण्यावर पाय आपटत धावतो. नारिंगी-तपकिरी, बहुधा जोडीने, तो चक्रवाक. चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके असलं तर हळदी-कुंकू बदक. रुंद, फावड्यासारखी चोच पाण्यात घालून गोलगोल फिरणारी टोळी थापट्यांची. जांभळ्या पाणकोंबडीवर मात्र दहा मिनिटं खर्च करा: ती देठ उपटते, पायाच्या लांब बोटांत धरते आणि उचलून चोचीशी नेते. कालव्याला आवर्तन सुटून पाणी उतरलं असेल तर काठच्या चिखलात शेकाटे आणि तुतवारही दिसतील. तुतवारांच्या जाती ओळखायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका.

दुर्बीण एकाकडे तेव्हा वही दुसऱ्याकडे: वेळ, जागा, चोच, पाय, काय करत होता. मोबाईलच्या फोटोत लांबचा पक्षी ठिपकाच येतो. पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवू नका, ते उगाच त्रासतात.

स्थानिक गाईड घ्या, बहुतेकांकडे स्पॉटिंग स्कोप (तिवईवरची मोठी एकनळी दुर्बीण) असतो आणि लांबच्या बेटावरचे चमचे, म्हणजे चमच्यासारख्या चोचीचे पक्षी, त्यातूनच नीट दिसतात. प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क आदल्या दिवशी फोन करून विचारा. पाणी आणि खाणं घरूनच न्या.