जमिनीखाली गाडी सापडते कशी?

प्रश्न : माझा मुलगा राजस्थानात जस्ताच्या खाणीत डंपर चालवतो. खाली जीपीएस चालत नाही म्हणतो, तरी वर कंट्रोल रूमच्या पडद्यावर त्याची गाडी दिसते. हे कसं?
— एक आई, सावनेर

उत्तर : ताई, मुलगा खरं सांगतोय. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. त्यांचे संकेत घराच्या स्लॅबखालीसुद्धा अडखळतात, मग शेकडो मीटर खडकातून कुठले उतरणार?

म्हणून गाडीवर टॅग लावतात, आणि रॅम्पच्या, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या रस्त्याच्या, वळणांवर, फाट्यांवर रीडर बसवतात. गाडी जवळून गेली की रीडर तिचा नंबर टिपून केबलने वर पाठवतो. पण त्यातून कळतं ते एवढंच, की गाडी या रीडरपाशी येऊन गेली. पुढचा रीडर येईपर्यंत ठिपका जागचा हलत नाही. गाडी मात्र पुढे गेलेली असते.

मी ३१ वर्षं खाणीत सर्व्हेअर होतो. आमच्या वेळी चालक रेडिओवर सांगायचे, 'लोडेड गाडी, ऊपर आ रही है, तीसरा मोड़.' एका रात्रपाळीत जीपवाल्याने वळण चुकीचं सांगितलं. रॅम्पचा उतार १:७, म्हणजे सात मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. समोरून भरलेला डंपर आला. जीप मागे घेत घेत त्याने बाजूच्या कपारीत घातली म्हणून दोघंही वाचले. घरी आल्यावर मला झोप लागली नाही.

आता अल्ट्रा-वाइडबँड नावाची पद्धत आहे. रेडिओलहर सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जाते. तिला लागलेल्या वेळावरून अंतर काढतात. चूक अर्ध्या मीटरच्या आत ठेवता येते. लोडरजवळ, म्हणजे माल भरणाऱ्या यंत्राजवळ, माणूस आला तर चालकाला सावध करायला अशीच अचूकता हवी. माझ्या मते निदान आंधळ्या वळणांवर तरी ती असायलाच हवी, खर्च कितीही होवो.

अमेरिकेत जानेवारी २००६ मध्ये सॅगो कोळसा खाणीत स्फोट झाला, १२ कामगार गेले. ते आत नेमके कुठे आहेत हे बाहेरच्यांना कळायला मार्ग नव्हता. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि कोळसा खाणीत माणसांचा ठावठिकाणा ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली.

माणसांचा, हे लक्षात घ्या. मुलाला विचारा, त्याच्या कॅपलॅम्पमध्येही, म्हणजे हेल्मेटवरच्या दिव्यातही, टॅग आहे ना? तो गाडीतून उतरून चालत गेला, तर पडद्यावर दिसत राहील ती नुसती गाडी.